चार बांगड्या, एक गोफ आणि एक तपासणी

सुनेसाठी तोडे करावेत आणि त्यासाठी घरातले जुने सोने मोडीत द्यावे, एवढ्याच साध्या हेतूने मी गेल्या महिन्यात शहरातल्या एका पेढीवर गेलो होतो. तेथील मुलाने आमच्या चार बांगड्या यंत्राखाली धरल्या आणि अतिशय नम्रपणे सांगितले, "काका, ह्या बावीसच्या नाहीत. वीसच्या जवळपास आहेत." ज्या सराफाकडे माझे वडील सोने घेत आणि ज्याच्याकडून मी १९९३ साली ह्या बांगड्या घेतल्या, त्याच्याबद्दल असे काही ऐकण्याची माझ्या कानांना सवय नव्हती. मला वाटले, मोडीचे सोने स्वस्तात पदरात पाडून घेण्याची ही युक्ती असावी. दोन्ही शक्यता सारख्याच अप्रिय होत्या: एक तर तीस वर्षांपूर्वी जुन्या सराफाने मला फसवले, किंवा आज हा नवा सराफ फसवत आहे. म्हणून दोघांपैकी कोणाशीही व्यवहार नसलेल्या तिसऱ्याकडे जायचे मी ठरवले. भारतीय मानक ब्युरोची म्हणजे बीआयएसची मान्यता असलेल्या एका तपासणी केंद्रात मी गेलो आणि त्या सेवेबद्दल, तसेच त्या निमित्ताने वापराव्या लागलेल्या ‘बीआयएस केअर’ ह्या ॲपबद्दल हे लिहीत आहे.

ही केंद्रे मुख्यतः सराफांसाठी काम करतात. सराफ दागिन्यांची पेटी पाठवतो, केंद्र शुद्धता तपासते आणि दागिन्यावर लेझरने हॉलमार्क कोरून देते. मात्र सामान्य ग्राहकही आपला दागिना थेट घेऊन जाऊ शकतो आणि त्याला तपासणीचा अहवाल मिळतो, हे मला सत्तरीला टेकेपर्यंत माहीत नव्हते. बँकेत नोकरी केलेल्या माणसाने हे कबूल करणे थोडे लाजिरवाणे आहे. शुल्क बीआयएसनेच ठरवून दिलेले आहे: चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये आणि पाच किंवा अधिक असतील तर नगाला ४५ रुपये, शिवाय कर. चार तोळ्यांच्या ऐवजापुढे ही रक्कम इतकी किरकोळ आहे की, लोक तपासणी का करून घेत नाहीत ह्याचे कारण पैशात शोधण्यात अर्थ नाही. तपासायला जाणे म्हणजे देणाऱ्याच्या शब्दावर शंका घेणे, आणि ती शंका आपल्याकडे अपमानाच्या जवळची मानली जाते, हे खरे कारण असावे. मी स्वतः केंद्रात जाताना बांगड्या पेढीच्या लाल बटव्यातून काढून साध्या रुमालात बांधल्या होत्या. बटव्यावर सराफाचे नाव होते आणि ते नाव तिथे दिसू नये असे मला वाटले.

माझ्याबरोबर तीन गोष्टी होत्या: त्या चार बांगड्या, पत्नीला माहेरून मिळालेल्या दोन पाटल्या आणि माझा गोफ. बोरमाळही घेऊन जावी असा माझा विचार होता, पण त्याबद्दल पुढे.

केंद्र म्हणजे सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा आहे. बाहेर काउंटर आणि वजनकाटा, आत काचेच्या दरवाजामागे यंत्रे आणि भट्टी. प्रत्येक दागिना माझ्यासमोर तोलला गेला, वजन ग्रॅमच्या तिसऱ्या दशांशापर्यंत लिहिले गेले आणि पावतीवर माझी सही घेतली गेली. ह्या काट्याचा आकडा ग्राहकाला सरळ दिसतो. ही बाब लहान वाटेल, परंतु अनेक दुकानांत काट्याचे तोंड कोणाकडे असते ते एकदा आठवून पाहावे. इथपर्यंत सगळे चोख होते. त्यानंतर मात्र दागिने आत जातात आणि ग्राहक बाहेर बसतो. काचेतून तंत्रज्ञाची पाठ तेवढी दिसते. ज्या जागेचे सारे काम संशय फेडण्याचे आहे, तिथे ग्राहकाला यंत्राचा पडदा दिसेल अशी बैठक असावी, एवढी माझी पहिली तक्रार आहे. मी विनंती केल्यावर त्यांनी मला आत उभे राहू दिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

यंत्र क्ष-किरणांवर चालते. झाकणाच्या पेटीत दागिना ठेवला की अर्ध्या-पाऊण मिनिटात सोने, चांदी, तांबे, जस्त ह्यांचे टक्के पडद्यावर उमटतात. २२ कॅरट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, १८ कॅरट म्हणजे ७५०, आणि १४ कॅरट म्हणजे ५८५. पाटल्या तीन जागी तपासल्या, सगळीकडे ९१ च्या पुढे आकडा आला, त्यांच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. बांगड्यांची सरासरी ८४.१ आली. चार बांगड्यांचे वजन ४०.२ ग्रॅम, म्हणजे २२ कॅरटच्या हिशेबाने जे शुद्ध सोने असायला हवे होते त्यापेक्षा सुमारे ३ ग्रॅम कमी. भाव रोज हलतो, म्हणून तूट ग्रॅममध्येच सांगितलेली बरी.

शहरातला तो मुलगा खरे बोलत होता. त्याच्याबद्दल जिन्यावरून उतरताना जे मनात आणले होते ते मी मनातच मागे घेतले.

आता गोफाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ह्या सेवेचे खरे मोल मला तिथे कळले. हा गोफ मी २००९ साली, नोकरीला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने, परगावी एका अनोळखी दुकानातून घेतला होता. अनोळखी दुकानातून घेतला, कारण मला ओळखीची गरज वाटली नाही. बँकेत नऊ वर्षे मी सुवर्णतारण कर्जाचे काम पाहिले. आमचे मूल्यांकक दर मंगळवारी आणि शुक्रवारी येत, काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासत, शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढत, काचेच्या कांडीने तेजाबाचा थेंब सोडत आणि रेघ किती टिकते ते पाहून "एकोणीस धरा, साहेब" असे सांगत. मी त्यांच्या आकड्यावर सही करी. कर्जाची मर्यादा मूल्याच्या ७५ टक्के हा आमच्या बँकेचा दंडक होता आणि उरलेले २५ टक्के भावाच्या चढउताराइतकेच मूल्यांककाच्या चुकीसाठीही राखलेले आहेत, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. प्रत्यक्षात त्यांची चूक माझ्या नऊ वर्षांत एकदाही उघड झाली नाही. त्यांच्या त्या सचोटीने माझे एक नुकसान केले. शेकडो दागिने पाहून, हातात तोलून, त्यांचा आकडा येण्याआधी मनाशी आकडा बांधून आणि तो बऱ्याचदा जुळून, सोने मलाही कळते असे मला वाटू लागले. माझा आकडा चुकला तर त्याची किंमत कधी मला मोजावी लागत नव्हती, कारण कर्ज त्यांच्या आकड्यावर निघत होते. ही गोष्ट मी हिशेबात घेतली नाही.

तर परगावच्या दुकानात मी तो गोफ हातात घेतला, रंग पाहिला, अडकवायच्या हुकाजवळ कोरलेले ९१६ वाचले आणि समाधानाने पैसे मोजले. दुकानदाराने "साहेबांना सोन्यातलं कळतं" असे म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते. त्या वेळचा हॉलमार्क केवळ आकड्याचा नसे. बीआयएसचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्षाचे अक्षर अशा पाच खुणा मिळून तो पुरा होई. सोन्यासाठी ही योजना २००० सालापासून चालू होती, पण ऐच्छिक होती. नुसता ९१६ हा आकडा कोणीही छिन्नीने ठोकू शकतो. हे ज्ञान मला नव्हते असे म्हणता येणार नाही. बँकेत आलेल्या परिपत्रकात मी ते वाचले होते. दुकानात मात्र मला वाचलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक भरवशाचे वाटले.

यंत्राने गोफाचा आकडा ९०.६ दाखवला. मी सुटकेचा श्वास टाकला, पण तंत्रज्ञ तरुणाने टाकला नाही. त्याने गोफ उलटा केला, हुकाच्या आतल्या, घासल्या गेलेल्या बाजूवर किरण धरले आणि तिथे ८१ आले. "काका, हे यंत्र वरवरचं बघतं," तो म्हणाला, "आतलं त्याला दिसत नाही. खात्री हवी असेल तर एक कडी कापावी लागेल." क्ष-किरण सोन्यात काही मायक्रॉनच उतरतात, म्हणून वर चांगल्या सोन्याचा जाड मुलामा असेल तर यंत्र मुलाम्यालाच दागिना समजते. लाख भरलेल्या किंवा पोकळ दागिन्यांच्या बाबतीतही आत काय आहे हे ते सांगू शकत नाही. त्या तरुणाने पहिला आकडा छापून दिला असता तर मी आनंदाने घरी आलो असतो, त्याला त्रास वाचला असता आणि अहवालही खोटा ठरला नसता. ह्या केंद्राला मी चांगले म्हणतो ते मुख्यतः ह्या एका गोष्टीसाठी.

कडी कापायला संमती देताना मात्र माझा हात अडला. आपला दागिना आपल्यासमोर कापला जाणे हे डोळ्यांना सहन होत नाही, मग तो खोटा का असेना. संमतिपत्रावर सही केली, कापलेल्या तुकड्याचे आणि उरलेल्या गोफाचे वजन वेगवेगळे लिहून घेतले आणि संध्याकाळी येण्यास सांगितले गेले. ही जुनी, भट्टीची पद्धत आहे. पाव ग्रॅमच्या आसपासचा नमुना ठरावीक चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत हजार अंशांच्या वर तापवतात. शिसे वितळते, तांब्यासारखे हीण बरोबर घेऊन मुशीत जिरते आणि मागे सोन्याचांदीचा मणी उरतो. तो ठोकून, लाटून नत्राम्लात उकळला की चांदी विरघळते आणि उरते ते निव्वळ सोने. ते पुन्हा तोलायचे. ह्यात कोणाच्या नजरेवर काही सोपवलेले नसते. सुरुवातीचे वजन आणि शेवटचे वजन एवढाच साक्षीपुरावा. संध्याकाळी माझ्या हातात आलेल्या अहवालावर ७८३ हा आकडा होता. १२.१ ग्रॅमच्या गोफात १.६ ग्रॅम शुद्ध सोने कमी. सराफावर ठेवलेल्या विश्वासात तोळ्यामागे जेवढे गेले, त्याहून स्वतःवरच्या विश्वासात बरेच अधिक गेले होते. पत्नीने हा हिशेब माझ्या आधी केला आणि तो बोलून दाखवला नाही.

अहवाल घेऊन मी बांगड्या देणाऱ्या गावच्या जुन्या सराफाकडे गेलो. थोरले आता नाहीत, चिरंजीव पेढी पाहतात. मी भांडायला गेलो नव्हतो, पण जुनी पावती बरोबर नेली होती. पावतीवर ‘सोन्याच्या बांगड्या नग ४’, वजन, भाव आणि मजुरी असे सगळे होते, शुद्धता नव्हती. तीस वर्षे मी ती पावती जपली, लॉकर बदलला तेव्हा तीही हलवली, आणि तिच्यात काय लिहिलेले नाही हे मात्र एकदाही पाहिले नाही. चिरंजिवांनी अहवाल वाचला आणि नाकारला नाही. त्या काळी डाक देताना, म्हणजे दागिन्याचे जोड सांधताना, हलक्या सोन्याचा वापर होई, जोडावर जोड असलेल्या बांगडीत त्यामुळे सरासरी उतरते, असे त्यांनी सांगितले. हे अंशतः खरे आहे. कॅडमियमच्या डाकाने ही घट कमी होते म्हणून पुढे ‘केडीएम’ची चलती झाली, आणि लोक त्या तीन अक्षरांना शुद्धतेचा शिक्काच समजू लागले, वास्तविक ते डाकाचे नाव आहे आणि त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक ठरला तो वेगळाच. परंतु डाकाने सगळ्या तुटीचा उलगडा होत नाही, कारण यंत्राने जोड सोडून मधल्या जागीही ८५ च्या आतलेच आकडे दाखवले होते. हे मी त्यांना सांगितले.

त्यावर ते म्हणाले, "काका, वडिलांनी तुम्हाला बावीस म्हणून दिल्यात ना, मग आमच्याकडे त्या बावीसच. बदल्यात नवा दागिना घ्या, एक गुंज कापणार नाही. रोख मात्र अहवालाप्रमाणे."

ह्या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला आहे. शब्द पाळला गेला, हे नाकारता येत नाही. आमच्या आजी-आजोबांच्या काळातला सगळा व्यवहार असाच चालला असावा: दागिन्याचा कस दागिन्यात कमी आणि देणाराघेणाऱ्याच्या नात्यात जास्त. मोड त्याच दाराशी आणायची, तो सराफ आपलाच माल आपल्याच शब्दाला परत घेणार, मग आत ८४ आहे की ९१ ह्याने दोघांच्याही घरी काही बिघडत नाही. बिघडते ते माणूस गाव सोडतो तेव्हा, पेढी बंद होते तेव्हा, किंवा अडचणीच्या दिवशी बँकेत तारण ठेवायला जावे लागते तेव्हा. त्या दारात जी बांगडी बावीसची होती ती रस्ता ओलांडल्यावर विसाची झाली, आणि ही गोष्ट सराफाला ठाऊक होती, मला नव्हती. विश्वास दोघांनी ठेवला असला तरी जोखीम एकट्याकडेच होती, आणि १९९३ साली मला कोणी विचारले असते तर मी ती कदाचित पत्करलीही असती. विचारले मात्र गेले नाही.

मी बदली दागिना घ्यायचे मान्य केले. उरलेली रक्कम त्यांच्या मासिक सोने-योजनेत जमा करावी ही सूचना मात्र नाकारली. सराफाने मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या वर राहिली तर कंपनी कायद्याखालील नियमांत ती ठेव ठरू शकते, म्हणून ह्या योजना बहुधा ११ हप्त्यांच्या असतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जे विम्याचे कवच आहे, ते इथे नाही. चिरंजिवांवर माझा राग नाही, परंतु एकाच पेढीवर दोनदा पावती न वाचता विसंबणे माझ्या वयाला शोभले नसते.

तोडे घेताना मग ‘बीआयएस केअर’ ॲप वापरले. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि जुन्या खुणांच्या जागी आता बीआयएसचे चिन्ह, शुद्धता आणि हा क्रमांक एवढ्या तीनच खुणा असतात. दोन ग्रॅमच्या आतले दागिने, कुंदन, पोलकी असे काही प्रकार सक्तीतून वगळलेले आहेत, हे घेताना लक्षात ठेवावे. क्रमांक इतका बारीक कोरलेला असतो की साध्या चष्म्याने वाचता येत नाही. दुकानात दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेवणे सराफाला बंधनकारक आहे आणि ते मागण्यात संकोच करू नये. क्रमांक टाकल्यावर सराफाची नोंदणी, तपासणी केंद्राचे नाव, तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. बहुतेक लोक शुद्धतेचा आकडा पाहून फोन खिशात ठेवतात. माझ्या मते प्रकाराची ओळ अधिक महत्त्वाची आहे. ॲप नोंद दाखवते, हातातली वस्तू पाहत नाही. एखाद्याने खऱ्या अंगठीचा क्रमांक खोट्या तोड्यावर कोरला, तर क्रमांक खराच निघेल, फक्त ॲपवर ‘अंगठी’ दिसेल. शिवाय हॉलमार्कच्या दागिन्यात पुढे तूट निघालीच तर २०१८ च्या नियमांनुसार ग्राहकाला तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे, मात्र त्यासाठी हातात तपशीलवार बिल हवे. ह्या वेळी मी बिलावर शुद्धता, निव्वळ वजन, मजुरी आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहून घेतले. चिरंजिवांनी काही न बोलता लिहून दिले.

तपासणी केंद्राबद्दल उरलेल्या दोन गोष्टी. एक, अहवालावर दागिन्याचा फोटो असायला हवा होता. ‘बांगडी, नग ४’ एवढ्या वर्णनावर तो अहवाल कुठल्याही चार बांगड्यांना लावता येईल. दुसरी, अहवाल यंत्राच्या गुळगुळीत कागदावर छापलेला आहे आणि त्याची अक्षरे महिन्याभरातच पुसट होऊ लागली आहेत. मी त्याच्या दोन झेरॉक्स काढून एक लॉकरमध्ये ठेवली. ज्यांना जुने सोने विकायचे, बदलायचे किंवा तारण ठेवायचे आहे त्यांनी आधी इथे जावे, असे मी निःशंकपणे सांगेन. पाचपैकी चार गुण देतो. एक गुण त्या काचेच्या दरवाजासाठी आणि कागदासाठी कापला आहे.

बोरमाळ लॉकरमध्येच आहे. ती पत्नीच्या आईची, लाखेवर घडवलेली, आणि यंत्र तिच्याबद्दल फारसे काही सांगू शकणार नाही हे आता मला ठाऊक आहे. तरीही एखाद्या मण्यावर किरण धरून पाहावे असे मी सुचवले होते. "मोडायची आहे का ती?" पत्नीने विचारले. मी नाही म्हणालो. "मग अहो, राहू दे की," म्हणून तिने ती डबीत ठेवली आणि डबीवर झेरॉक्स ठेवून लॉकर बंद केला.